पवनचक्कीची जात विचारा

आपल्या शिकलेल्या पोरांमध्ये हल्ली एक प्रश्न फिरतोय. इंजिनिअरिंग झालं, कोडिंग येतं, पुण्यात तीन-चार वर्षं नोकरी झाली. आता एकीकडे हवामान बदलावर काम करणारी कंपनी बोलावते, तिला सौर आणि पवन प्रकल्पांसाठी सॉफ्टवेअर हवंय. दुसरीकडे कोळसा, तेल, औष्णिक वीज यांचं जुनं काम आहे. कुठं जावं? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुतेक वेळा ठरलेलंच असतं. पहिलं काम पुण्याचं, दुसरं पापाचं. आपल्याकडून फक्त होकार हवा असतो.

माझा होकार नाही. नकारही नाही. पण पाप-पुण्याची ही वाटणी कुणी केली, एवढं तरी विचारायला हवं. शुद्ध काय आणि विटाळ कशाचा, हे ठरवणाऱ्यांचा आपल्याला जुना अनुभव आहे. आता त्यांनी विजेलाही सोवळं नेसवलंय. कोळशाची वीज काळी, सूर्याची वीज हिरवी. ती वीज कुणाच्या जमिनीवर तयार होते, तिच्या फाटकावर रात्रभर कोण उभा असतो आणि तिच्या कार्यालयात खुर्चीवर कोण बसतो, याला रंग नाही.

बीड जिल्ह्यातल्या माणसाला हा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागत नाही. एकाच जिल्ह्यात दोन्ही नमुने उभे आहेत. परळीला औष्णिक केंद्र आणि केज, पाटोदा, आष्टीच्या माळांवर पवनचक्क्या.

परळीत पहिला ३० मेगावॅटचा संच १९७१ मध्ये सुरू झाला. आज तिथं २५० मेगावॅटचे तीन संच आहेत, जुने निवृत्त झाले. कोळसा बाहेरून येतो, पाणी गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून. २०१३ च्या दुष्काळात पाणी संपलं आणि अख्खं केंद्र बंद ठेवावं लागलं. २०१५ मध्ये पुन्हा तेच. ज्या जिल्ह्यात बायाबापड्या टँकरमागे घागरी घेऊन पळतात, तिथं पाण्यावर चालणारा एवढा मोठा कारखाना उभा करणं हे नियोजन कुणाचं, हा वेगळा विषय. आणि राख! परळीच्या आजूबाजूच्या गावांत राख पिकावर बसते, पाण्यात उतरते, छातीत जाते. त्या राखेच्या वाहतुकीचा धंदा, त्यावरची दादागिरी, हे सगळं विधानसभेपर्यंत गाजलं. तेव्हा कोळशाच्या बाजूनं गाणी म्हणायला मी बसलेलो नाही. कोळसा जायला हवा.

पण मग मसाजोगला काय झालं?

६ डिसेंबर २०२४. तारीख नीट वाचा. आपण सगळे त्या दिवशी चैत्यभूमीवर होतो, किंवा आपापल्या गावात पुतळ्यापुढं मेणबत्ती घेऊन उभे होतो. त्याच दिवशी केज तालुक्यातल्या मसाजोगला आवादा या ऊर्जा कंपनीच्या आवारात टोळकं घुसलं आणि तिथल्या रखवालदाराला मारहाण झाली. रखवालदार दलित. आरोपपत्रानुसार कंपनीकडे दोन कोटींची खंडणी मागितली जात होती. गावचे सरपंच संतोष देशमुख रखवालदाराच्या मदतीला धावले, टोळक्याला गावकऱ्यांनी पिटाळलं. तीन दिवसांनी, ९ डिसेंबरला, देशमुखांचं अपहरण करून त्यांना हालहाल करून मारलं. खटला मोक्काखाली विशेष न्यायालयात सुरू आहे. ४ मार्च २०२५ ला धनंजय मुंडे यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

यानंतर महाराष्ट्रात जी चर्चा झाली ती मराठा विरुद्ध वंजारी अशी झाली. मोर्चे त्याचे, भाषणं त्याची, वाहिन्यांवरचा आरडाओरडा त्याचा. सरपंच मराठा समाजाचे होते आणि एका दलित रखवालदारासाठी पुढं आले, ही गोष्ट आपण मान खाली घालून, आदरानं नोंदवली पाहिजे. पण ज्याच्या अंगावर पहिला हात पडला तो माणूस त्या सगळ्या चर्चेतून कधी विरघळून गेला ते कुणाला कळलंही नाही. हरित ऊर्जेच्या प्रकल्पावर आपला माणूस कुठं उभा होता? फाटकावर, काठी घेऊन, ठेकेदाराच्या पगारावर. प्रकल्पाच्या आराखड्यात नाही, हिशेबात नाही, कंट्रोल रूममध्ये नाही. मार मात्र सगळ्यात आधी त्याला.

इथं कंपनी खंडणीची बळी होती, हे खरंच. मी तिच्यावर आरोप करत नाही. मी एवढंच म्हणतो की परळीच्या राखेवर जी टोळीशाही पोसली गेली ती पवनचक्कीचं पातं बघून पळून गेली नाही. तिनं फक्त दुकान हलवलं. ऊर्जेचं तंत्र बदललं, गावातली सत्ता तीच राहिली. ज्या पोराला वाटतं की नोकरी बदलली की आपण इतिहासाच्या बरोबर बाजूला आलो, त्यानं एकदा मसाजोगचा रस्ता धरावा.

आता सॉफ्टवेअरकडं येतो, कारण आपला पोरगा पवनचक्कीवर चढणार नाही, तो पडद्यासमोर बसणार आहे. आणि खरी गंमत तिथंच आहे.

सौर प्रकल्पासाठी जागा शोधणारं सॉफ्टवेअर काय करतं? उपग्रहाचं चित्र घेतं, उतार बघतं, ऊन किती पडतं ते मोजतं, वीज उपकेंद्र किती अंतरावर आहे ते बघतं, मग जमिनीच्या नोंदीशी जोडतं. जिथं झाडी कमी, वस्ती नाही, मालक एकच, वाद कमी, तिथं हिरवा ठिपका. महाराष्ट्रात असा सगळ्यात मोठा, सगळ्यात स्वस्त, एकाच मालकाचा तुकडा कोणता? गायरान. सातबाऱ्यावर मालक कोण? सरकार. संगणकाच्या दृष्टीनं काम फत्ते.

आणि त्या सातबाऱ्यावर जो दिसत नाही तो कोण? मराठवाड्यातला कुठलाही कार्यकर्ता झोपेतून उठून सांगेल. १९५९ आणि १९६४ च्या दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहांपासून आपली माणसं या जमिनी कसत आलीत. दगडधोंडे वेचून, माळ फोडून, गावाचा बहिष्कार सोसून. बीड जिल्ह्यात एकनाथ आवाड, आपले जिजा, यांनी मानवी हक्क अभियानातून आयुष्यभर हाच लढा लढवला. पोतराजाच्या घरात जन्मलेला माणूस मांग, महार, पारधी कुटुंबांना घेऊन गायरानात नांगर घालत होता, तेव्हा गावोगाव पिकं जाळली गेली, डोकी फुटली. त्यातून शासनाला २८ नोव्हेंबर १९९१ चा निर्णय काढावा लागला. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायची. शेवटची तारीख बघितली ना? कागदावर जयंती साजरी झाली. प्रत्यक्षात आजही हजारो कुटुंबांच्या हातात सातबारा नाही, दंडाच्या पावत्या आहेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या पावत्या. सरकारनं ‘तू चोर आहेस’ म्हणून दिलेला कागद हाच आपल्या माणसाच्या मालकीचा पुरावा!

या कुटुंबांची नोंद असलीच तर गाव नमुना १-ई मध्ये असते, अतिक्रमणाच्या नोंदवहीत. ऑनलाइन सातबारा सगळ्या जगाला दिसतो. १-ई तलाठ्याच्या कपाटात असते. २०२१ मध्ये ई-पीक पाहणीचं ॲप आलं, शेतकऱ्यानं स्वतःच्या पिकाची नोंद स्वतः करायची. छान. पण ॲप आधी खातेदार विचारतं. ज्याचं खातंच नाही त्यानं पेरलेली बाजरी ॲपच्या लेखी उगवतच नाही. पूर्वी एखादा भला तलाठी पीक पाहणीच्या रकान्यात कसणाऱ्याचं नाव टाकायचा, त्या एका ओळीवर आपल्या लोकांनी खटले लढवलेत. आता ती ओळ लिहायला माणूसच ठेवला नाही.

अशा नोंदींवर उभं राहिलेलं सॉफ्टवेअर गायरान ‘रिकामं’ म्हणून दाखवतं. कोड लिहिणारा जातीयवादी असायची गरज नाही. तो बिचारा बंगळुरूत बसून सरकारी माहिती उतरवून घेतो, स्तंभ जोडतो, नकाशा रंगवतो. त्याच्या डोक्यात वाईट काहीच नसतं. गायरानावर कुणी पोटाला पिकवत असेल, हे त्याच्या घरात कधी कुणी बोललेलंच नसतं.

आणि या नकाशाला गिऱ्हाईक आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये उपकेंद्राच्या पाच-दहा किलोमीटर परिघात सौर प्रकल्प उभारायचे आहेत, म्हणजे शेतकऱ्याला दिवसा वीज. हेतूबद्दल माझं भांडण नाही. रात्री दोनला उठून मोटार चालू करायला जाणारा, साप चावून मरणारा शेतकरी आपलाही आहे. पण हिशेब बघा. खाजगी जमीन दिली तर मालकाला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये भाडं. सरकारी जमीन, म्हणजे बहुतेक ठिकाणी गायरान, नाममात्र एक रुपयात. ग्रामपंचायतीला तीन वर्षं पाच-पाच लाख. पाटलाच्या पडीक रानाला सव्वा लाख, ग्रामपंचायतीला पंधरा लाख, आणि चाळीस वर्षं माळ फोडणाऱ्याला? पोलीस बंदोबस्त.

कुणी म्हणेल, गायरान गुरांसाठी असतं, अतिक्रमण ते अतिक्रमण. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपाल सिंग निकालाचा दाखला देतील. तो निकाल पूर्ण वाचा. गावच्या सामाईक जमिनी धनदांडग्यांनी लाटू नयेत असं सांगताना न्यायालयानं अपवादही नोंदवला आहे, भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शासनाच्या आदेशानं दिलेल्या जमिनींचा. तो अपवाद नोटिसा काढताना कुणाला आठवत नाही. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर गायरानधारकांना नोटिसा गेल्या, तेव्हा कष्टकऱ्याची झोपडी आणि पुढाऱ्याची शिक्षणसंस्था एकाच यादीत होती. त्यातही झोपडी आधी पाडायची असते.

हे फक्त गायरानापुरतं नाही. धुळे जिल्ह्यात विखरणच्या धर्मा पाटलांची जमीन दोंडाईचाच्या औष्णिक प्रकल्पासाठी म्हणून गेली, नंतर तिथं सौर प्रकल्पाची योजना आली. शेजारच्याला मोबदला कोटीच्या घरात, यांना चार लाखांच्या आसपास. जानेवारी २०१८ मध्ये त्या म्हाताऱ्या माणसानं मंत्रालयात विष घेतलं आणि काही दिवसांत ते गेले. जमीन काळ्या विजेसाठी घेतली की हिरव्या, विषाची चव तीच. कर्नाटकातल्या पावगडाच्या सौर पार्कचं जगभर कौतुक होतं, तेरा हजार एकर, जमीन विकत न घेता भाडेपट्ट्यानं घेतली, शेतकऱ्याला एकरी एकवीस हजार. ज्याच्या नावावर जमीन होती त्याला. त्या रानात निंदणी-खुरपणी करून पोट भरणाऱ्या भूमिहीनाचं रान काचेखाली गेलं, त्याला भाडं कोण देणार? आणि भूमिहीन कोण असतात हे या ब्लॉगच्या वाचकाला सांगायची गरज नाही. सौर पंपाच्या योजनेतही तेच. अनुसूचित जातीच्या शेतकऱ्याला फक्त पाच टक्के हिस्सा भरायचा, बाकी अनुदान. जाहिरात झकास. पण आधी सातबारा दाखवा.

आता दुसरी बाजू, आणि माझ्या मते आपल्या तरुणांसाठी सगळ्यात महत्त्वाची.

परळीचं केंद्र महानिर्मितीचं. सरकारी कंपनी. तिथं भरती निघते तेव्हा बिंदुनामावली असते, अनुसूचित जातींना १३ टक्के, जमातींना ७ टक्के. त्यातही पळवाटा आहेत, अनुशेष आहे, ठेकेदारी वाढवून कायम पदं मारली जातात, सगळं मान्य. पण भांडायला एक कागद आहे. एनटीपीसी, ओएनजीसी, कोल इंडिया, महावितरण, सगळीकडं तो कागद आहे. दलित समाजातल्या पहिल्या पिढीचे कितीतरी अभियंते, ऑपरेटर, लाइनमन याच ‘काळ्या’ ऊर्जेनं दिले. त्यांच्या पगारावर वस्तीतली पोरं शिकली, त्यांच्या वर्गणीतून विहारं आणि वाचनालयं उभी राहिली.

हरित ऊर्जा मात्र जवळजवळ पूर्ण खाजगी आहे. तिथं बिंदुनामावली नाही. तिथं ‘कल्चर फिट’ आहे. म्हणजे परळीचा एक संच बंद होऊन त्याची वीज खाजगी सौर प्रकल्पातून आली, की धूर कमी झाला, कार्बन कमी झाला आणि आरक्षणाच्या जागाही कमी झाल्या. घटनेला हात लावला नाही, संसदेत ठराव नाही, एकही मोर्चा नाही. औष्णिककडून सौरकडं जाताना आरक्षण वाटेत गळून पडतं आणि कुणी मागं वळून बघत नाही. ४ जानेवारी २०२३ ला वीज कर्मचारी खाजगीकरणाविरुद्ध संपावर गेले, तेव्हा आपल्यातले किती जण त्यांच्या बाजूनं उभे राहिले? ती आपली लढाई होती.

म्हणून मला ‘कोळसा की सूर्य’ हा प्रश्न अपुरा वाटतो. सूर्य कुणाच्या मालकीचा, हे विचारा. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर सदस्य होते आणि वीज, सिंचन त्यांच्याकडं होतं. दामोदर खोऱ्याची योजना, केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ ही त्या काळातली कामं. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, ती नफ्याच्या हिशेबानं चालू नये, शासनानं ती हाती घ्यावी, ही त्यांची भूमिका होती. कारण वीज म्हणजे कारखाने, आणि कारखाने म्हणजे गावगाड्याच्या चरकातून सुटका. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग शासनाच्या मालकीचे असावेत अशी मांडणी केली, शेतजमिनीसकट. १९४२ मध्येच त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या शास्त्र-तंत्र शिक्षणासाठी सरकारकडं पैसे मागितले होते. गांधी यंत्राला नावं ठेवत होते तेव्हा बाबासाहेब म्हणत होते की यंत्रानंच माणसाला फुरसत मिळेल. तेव्हा आज कुणी आपल्याला साध्या जीवनाच्या गोष्टी सांगून पर्यावरण शिकवू लागला तर हसून पुढं जावं. साधं जीवन आम्ही दोन हजार वर्षं जगलो.

पण याचा उलट अर्थही काढू नका. हवामान बदल हे सवर्णांचं फॅड आहे, असं आपल्यातलेच काही भाऊ म्हणतात. मे महिन्यात ४३ अंशांत रोजगार हमीच्या कामावर कोण असतं? दुष्काळात बोअर कुणाची आटते, आणि ज्याची बोअरच नाही तो काय करतो? सप्टेंबर २०२५ च्या पुरात मराठवाड्यात नदीकाठच्या वस्त्या पाण्यात गेल्या, त्या सखल जागी कुणाच्या होत्या? हवामान बिघडतं तेव्हा ते खालून वर बिघडत जातं. हा विषय दुसऱ्यांच्या हाती सोडणं आपल्याला परवडणारं नाही.

इथेनॉलचं तर विचारूच नका. पेट्रोलमध्ये उसाचं इथेनॉल मिसळलं, त्याचं श्रेय पर्यावरणाच्या खात्यात. तो ऊस तोडायला बीडमधून लाखो माणसं दिवाळीनंतर कोयता घेऊन निघतात. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे समितीच्या वेळी झालेल्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. हे कुठल्या कार्बनच्या तक्त्यात भरता? तक्ता बनवणाऱ्यानं तो रकाना ठेवलाच नाही.

मग पोरानं करायचं काय? ज्याच्या घरात आई-बापाच्या हातात अजून कोयता आहे, डोक्यावर शिक्षणाचं कर्ज आहे, त्यानं जिथं पगार चांगला तिथं जावं. कोळसा असो की सूर्य. त्याला नैतिकतेचे धडे द्यायचा अधिकार कुणाला नाही, मलाही नाही. ज्याला निवड शक्य आहे त्याला माझं मत विचाराल तर सरकारी वीज कंपन्यांतल्या जागा सोडू नका. महानिर्मिती, महावितरण, भार प्रेषण केंद्र इथं आता सॉफ्टवेअरशिवाय पान हलत नाही. कुठला संच कधी चालवायचा, वाऱ्याची-उन्हाची वीज किती येणार याचा अंदाज, बिलं, मीटर, सगळं कोडवर आहे. आत आपला माणूस हवा, आणि या कंपन्यांनी स्वतः सौर प्रकल्प उभारावेत, ठेकेदाराला देऊ नयेत, ही मागणी बाहेरून आपण लावून धरावी. आणि हवामानाच्या कंपनीत गेलात तर तिथं गप्प बसू नका. जागा निवडीच्या नकाशावर काम असेल तर विचारा, अतिक्रमणाची नोंद जोडली का? प्रत्यक्ष कसणाऱ्याची पाहणी झाली का? एक रकाना वाढवा, एवढंच म्हणा. बैठकीत तोंडं वाकडी होतील. होऊ द्या.

नोकरीबाहेरचं काम याहून मोठं आहे. बीड जिल्ह्यातल्या गायरानधारकांचा आपला स्वतःचा नकाशा अजून नाही. क्यूजीआयएस फुकट मिळतं, मोबाइलमध्ये जीपीएस आहे, शनिवार-रविवार पुण्याहून गाडी येते. प्रत्येक तुकड्याची हद्द चालून नोंदवायची, दंडाच्या पावत्यांचे फोटो, जुन्या पीक पाहणीचे उतारे, खटल्यांचे क्रमांक, म्हाताऱ्यांच्या साक्षी. एक सावधगिरी मात्र पाळा. ही माहिती उघड्यावर टाकायची नाही, कुठल्याही कंपनीच्या क्लाउडवर सहज ठेवायची नाही, नावांची यादी गावातल्या चळवळीच्या ताब्यात राहील. नाहीतर आपणच बनवलेली यादी उद्या हटवण्याची यादी होईल, आणि जेसीबीवाल्याला पत्ता शोधायचेही कष्ट पडणार नाहीत.

सुरुवात केज आणि धारूर तालुक्यांतल्या दहा गावांपासून करता येईल. तलाठ्याकडं गाव नमुना १-ई ची नक्कल मागायचा अर्ज एका पानात मावतो. दिली नाही तर दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात मागा, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.

जय भीम.